उद्याचा पाऊस आज रात्री नऊच्या आत

सकाळी साडेआठला मी गच्चीवर असतो, पाऊस असो नसो. पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, आतली बाटली उचलायची, काचेच्या मापात पाणी ओतायचं आणि माप डोळ्याच्या रेषेत धरून वाचायचं. वरून वाचलं की पाणी जास्त दिसतं, खालून वाचलं की कमी, आणि कडेचं पाणी काचेला धरून जरासं वर चढलेलं असतं म्हणून मधला खोलगट भाग वाचायचा. हे सगळं शिकायला मला एक अख्खा पावसाळा गेला. आज पाऊस अकरा पॉइंट चार मिलिमीटर निघाला. खाली रस्त्यावर चौघं जण माना वर करून उभेच होते, आकडा सांगितला तसा मेडिकलवाला ओरडला, "म्या दहा लिहिले होते सर, वही बघा!"

वही म्हणजे आमच्या स्पर्धेची वही. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कृषी सेवा केंद्र आहे, तिथल्या काउंटरवर ती दोरीला बांधलेली असते. रोज रात्री नऊच्या आत प्रत्येकानं उद्याचं हवामान आकड्यात लिहायचं, नऊ वाजले की दुकानदार खाली रेघ ओढतो, रेघेखाली लिहिलेलं धरत नाहीत. तीन वर्षं झाली आता. लई जण विचारतात की हे नेमकं काय असतं, कसं खेळतात, म्हणून आज बसून सगळं लिहायलोय.

हे मूळ माझ्या भाचीचं. ती हवामानशास्त्र शिकायला अमेरिकेत गेली होती, तिथं कॉलेजांमधे एक स्पर्धा चालते, वेदर चॅलेंज म्हणतात, ओक्लाहोमा विद्यापीठानं २००६ मधे सुरू केलेली. सोमवार ते गुरुवार रोज एका ठरलेल्या शहरासाठी चार आकडे द्यायचे, उद्याचं कमाल तापमान, किमान तापमान, वाऱ्याचा जास्तीत जास्त वेग आणि पाऊस. दोन आठवडे झाले की शहर बदलतं, म्हणजे आत्ता समुद्रकाठचं गाव तर पुढं डोंगरातलं, एकाच गावात मुरलेल्या माणसाला फुकटचा फायदा नको म्हणून. विद्यार्थी खेळतात, त्यांचे प्राध्यापक पण खेळतात, आणि हवामानाचा हिशोब करणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलचे आकडेसुद्धा स्पर्धक म्हणून यादीत असतात. शेवटी निवडक ६४ जणांची बाद फेरी होते.

तिथं अंदाज द्यायची शेवटची वेळ ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे रात्रीचे शून्य वाजता, म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच. मी फिरायला निघायचो तेव्हाच तिचा फोन यायचा, "मामा, आत्ताच टाकला अंदाज, उद्या बघू." मला आधी वाटायचं पोरगी अभ्यास सोडून काहीतरी सट्टा खेळायली. मग एकदा तिनं सगळं नीट समजावून सांगितलं आणि मला त्याची गोडी लागली ती लागलीच.

तिथं मार्क मिळवायचे नसतात, चुकीचे मार्क अंगावर घ्यायचे असतात, आणि ज्याच्या अंगावर सगळ्यात कमी तो वर. तापमान एक अंश फॅरेनहाइटनं चुकलं की एक गुण, वारा एक नॉटनं चुकला की अर्धा. पावसाचा हिशोब मात्र लई विचार करून केलेला आहे, इंचाचा शंभरावा भाग हे एकक, पहिल्या दहा भागांपर्यंतची चूक प्रत्येकी ०.४ ला पडते, त्याच्यापुढं ०.३, मग ०.२, आणि अर्ध्या इंचाच्या वर गेलं की फक्त ०.१. म्हणजे पाऊस पडणार की नाही यात चुकलात तर जबर मार, पण धो धो पडणार हे बरोबर सांगितलं आणि दोन इंचाच्या जागी अडीच इंच पडला तर तितकं मनावर घेत नाहीत. मला हे एकदम शेतकऱ्याचं गणित वाटलं. आपल्याला पण पडतो की नाही याचाच घोर जास्त असतो ना.

मग म्हणलं आपण आपल्या गावासाठी का नाही करायचं. आपलं एकच गाव, शहर बदलायचं नाही, वारा मोजायचं यंत्र नाही म्हणून वारा सोडला. कमाल, किमान आणि पाऊस. दिवस धरायचा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ, कारण आपलं हवामान खातं पाऊस साडेआठलाच मोजतं. तापमान एक अंश सेल्सिअस चुकलं की एक गुण. पाऊस पहिल्या दहा मिलिमीटरपर्यंत दर मिलिमीटरला अर्धा गुण आणि त्याच्यापुढं दर मिलिमीटरला ०.१. समजा तुम्ही शून्य लिहिलं आणि चाळीस पडला, तर पाच आणि तीन असे आठ गुण अंगावर. वीस लिहून चाळीस पडला तर फक्त दोन.

पहिल्या महिन्यातच भांडणं झाली, आणि ती पण मोजण्यावरून. थर्मामीटर मी गॅलरीच्या भिंतीवर टांगला होता, दुपारभर भिंत तापायची आणि आमचा आकडा जगात जर्मनी नि भारतात परभणी म्हणतात तसा सगळ्यांच्या वर जायचा. भाची फोनवर म्हणाली, "मामा, तुम्ही हवा मोजत नाहीयेत, भिंत मोजताय." मग सुताराकडून पांढऱ्या रंगाची पेटी करून घेतली, चारही बाजूंनी खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या, ऊन आत जात नाही पण वारा खेळतो. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात, थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटलंडच्या एका दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरनं ती काढली. पेटी आता शाळेच्या मैदानाच्या कडेला आहे, माणसाच्या छातीच्या उंचीवर, खाली माती आणि गवत. ती बसवल्या दिवसापासून तापमानावरचं भांडण मिटलं.

पावसावरचं मिटत नाही. मृगाचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो नि दुसरं कोरडं राहतं असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. बसस्टँडवर गुडघाभर पाणी आणि माझ्या गच्चीवर चार थेंब असं कितीदा तरी झालंय. सुरुवातीला जिनिंगवर काम करणारा आमचा एक गडी तावातावानं यायचा, "तिकडं कापूस भिजायलाय आन् तुम्ही शून्य म्हणता व्हय!" त्याचं बरोबरच होतं, पण स्पर्धेत एकच माप धरावं लागतं, नाहीतर प्रत्येक जण आपल्या सोयीचा पाऊस घेऊन येईल. शेवटी ठरलं की गच्चीवरचं मापच खरं, आणि अंदाज लिहिताना तो गच्चीसाठीच लिहायचा.

यावरून मला एक गोष्ट समजली जी इतकी वर्षं पेपर वाचून समजली नव्हती. हवामान खातं जेव्हा 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणतं तेव्हा त्याला ठरलेला अर्थ असतो, त्या भागातल्या पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पंच्याहत्तरपर्यंत, त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. म्हणजे तुरळक म्हणलं आणि माझ्याकडे नाही पडला तर अंदाज चुकला असं नाही, चारातल्या तीन जणांकडे पडणारच नव्हता. आणि मॉडेलचं पण तसंच, २०२५ च्या मे महिन्यात आपल्या देशाचं भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झालं, पुण्याच्या संस्थेनं बनवलेलं, ते सहा किलोमीटरच्या चौकोनात हवा बघतं. सहा किलोमीटर म्हणजे लई बारीक, आधी बारा होतं, पण बैलाच्या दोन शिंगांत सहा किलोमीटर नसतात. आमच्या अख्ख्या गावाला आणि आजूबाजूच्या शिवाराला मिळून एखाद दुसरा चौकोन येतो.

आता खरी गंमत जिथं आली ते सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही जानेवारीत सुरुवात केली आणि किराणावाले काका रोज पावसाच्या रकान्यात शून्य लिहायचे. रोज. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, काका पहिले. मे संपेपर्यंत काकांचं नाव वरच. आम्ही बाकीचे आभाळ बघून, मॉडेल बघून कधी दोन कधी पाच लिहायचो आणि मार खायचो. काका म्हणायचे, "आपल्याकडं पडत नसतोय, एवढंच ध्यानात ठेवा." आणि बरोबर होतं, मराठवाड्यात वर्षातल्या तीनशेच्या वर दिवसांना नाही म्हणलं तरी चालतंय. पण मग ज्याला काहीच बघायचं नाही तोच जिंकत असेल तर स्पर्धा कशाची?

भाचीला विचारलं तर ती म्हणाली की हे भांडण १८८४ पासूनचं आहे. अमेरिकेत फिनले नावाचा लष्करातला माणूस टोर्नेडोचे, म्हणजे जमिनीवरून फिरत जाणाऱ्या सोंडेसारख्या वादळांचे, अंदाज द्यायचा, त्यानं २,८०३ अंदाज दिले आणि ९६.६ टक्के बरोबर आले असं जाहीर केलं. लगेच गिल्बर्ट नावाच्या एका भूशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की फिनलेनं काहीच न बघता रोज 'टोर्नेडो येणार नाही' एवढंच सांगितलं असतं तर ९८.२ टक्के बरोबर आला असता! कारण टोर्नेडो झालेच मुळात ५१. पण त्या ५१ पैकी २८ फिनलेनं आधी सांगितले होते, आणि रोज नाही म्हणणारा त्यातला एकही सांगू शकला नसता. हे ऐकलं त्या रात्री मला झोप आली नाही. टक्केवारी खरी आहे आणि तरीपण ती माणसाचं कसब सांगत नाही, हे मला चाळीस वर्षं शाळेत मार्क देऊन पण कधी असं लख्ख दिसलं नव्हतं.

मग आम्ही चौथा रकाना काढला. उद्या अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडण्याची शक्यता किती टक्के ते लिहायचं. अडीचच का, तर हवामान खातं अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच त्याला पावसाचा दिवस म्हणतं. आणि गुण द्यायची पद्धत ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानतज्ज्ञानं १९५० मधे मांडलेली. सोपी आहे. पाऊस पडला तर एक धरा, नाही पडला तर शून्य. तुमची शक्यता आणि तो आकडा यातला फरक काढा, त्याचा वर्ग करा. आम्ही त्याला दहानं गुणतो, नुसता अपूर्णांक वहीत बरा दिसत नाही म्हणून. समजा तुम्ही ७० टक्के लिहिलं आणि पडला, तर फरक ०.३, वर्ग ०.०९, गुण ०.९. तेच ७० लिहून नाही पडला तर ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे ४.९ गुण. आणि छातीठोक शून्य लिहिलं आणि पडला तर सगळेच्या सगळे दहा अंगावर. शंभर लिहून कोरडं गेलं तरी दहा.

या एका रकान्यानं सगळ्यांची भाषा बदलली. आधी कट्ट्यावर सगळे म्हणायचे "पडतोय बघ उद्या" नाहीतर "काय पडत नाही". आता तीच माणसं म्हणतात, "चाळीस वाटायलंय, वारा नैऋत्येचा आहे पण ढग फुटायलेत." काकांनी जूनमधे सवयीनं शून्य लिहिलं, एकाच आठवड्यात तीनदा दहा दहा गुण बसले, तेव्हापासून काका पण संध्याकाळी पाचला दुकानाबाहेर येऊन पश्चिमेकडं बघत उभे राहतात. आणि सांगायला पाहिजे की आता काका आमच्यातले सगळ्यात चांगले आहेत. उन्हाळ्यात दोन टक्के, तीन टक्के लिहितात, अवकाळीचं वातावरण झालं की तीसवर जातात, उगीच नव्वदवर उडी मारत नाहीत.

माणसांशिवाय वहीत अजून तीन खेळाडू आहेत. एकाचं नाव 'कालचंच', म्हणजे काल जे झालं तेच उद्यासाठी लिहायचं. एप्रिलमधे याला हरवणं लई अवघड, बेचाळीसच्या मागून बेचाळीस. दुसरा 'मोबाइल', अॅपवर जे दिसतं ते जसंच्या तसं. आणि तिसरा 'सगळे मिळून', म्हणजे सगळ्यांच्या आकड्यांची सरासरी, ती मेडिकलवाला कॅल्क्युलेटरवर काढतो. महिन्याच्या शेवटी 'सगळे मिळून' हा जवळजवळ नेहमी पहिल्या तिघांत असतो. कुणी दोन अंश वर चुकतो कुणी दोन खाली, चुका एकमेकींना खातात आणि मधला आकडा बरा निघतो. भाचीच्या स्पर्धेत पण हेच, सरासरीला हरवणारे थोडेच निघतात. एखाद्या दिवशी कुणीही हरवतं, अख्ख्या हंगामात हरवायचं म्हणजे कधी गर्दीपासून वेगळं व्हायचं आणि कधी नाही हे कळावं लागतं.

असं वेगळं होणं मला एकदाच नीट जमलं. २०२४ चा नोव्हेंबर संपत आला होता, थंडी चांगली पडली होती, पहाटे शेकोट्या पेटल्या होत्या. बंगालच्या उपसागरात फेंगल चक्रीवादळ होतं, ते पुद्दुचेरीकडं निघालेलं. आता पुद्दुचेरी कुठं आणि मानवत कुठं, पण मी उपग्रहाचं चित्र बघितलं तर त्याचे ढग दूरवर पसरत आपल्याकडं यायले होते. रात्री आभाळ मोकळं असेल तर जमिनीची ऊब वर निघून जाते आणि पहाट गार होते, ढग आले की गोधडी टाकल्यासारखं होतं. आणि वारा पण उत्तरेचा बदलून पूर्वेचा दमट झालेला. सगळ्यांनी किमानच्या रकान्यात थंडीचेच आकडे लिहिले होते, मी पाच अंश वर लिहिलं, हात थरथरत होता खरंच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थंडी अशी गायब झाली की घरात पंखे लागले. त्या आठवड्यात मी पहिला आलो. वहीतलं ते पान मी अजून उघडून बघतो.

सगळ्यात वाईट पान २०२५ च्या सप्टेंबरचं. अतिवृष्टीनं आणि पुरानं मराठवाड्याचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये, गोदाकाठची गावं, काढणीला आलेलं सोयाबीन, वाहून गेलेली माती. त्या दिवसांत रात्री नऊला वहीपाशी कुणी बोलत नव्हतं. मोठा आकडा लिहायला मन होत नाही हो, ज्याचं रान नदीच्या कडेला आहे तो शेजारी उभा असताना ऐंशी कसं लिहायचं? मी दोन रात्री मुद्दाम कमी लिहिलं आणि दोन्ही वेळा चुकलो. मग दुकानदारच म्हणाला, "सर, खरं वाटतंय ते लिहा, तुमचा आकडा बघून तरी कोणी जनावरं वर नेऊन बांधेल." त्याच दिवसांत कळलं की मिलिमीटर म्हणजे नुसता आकडा नसतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त नोंदला तर ती अतिवृष्टी, मग पंचनाम्याचं बोलणं. शिवारात तेवढाच पडून मंडळाच्या मापात ६० निघाला तर शेतकरी ते माप बघायला जातो आणि गप उभा राहतो.

म्हणून २०१७ मधे माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती त्यावर कुणी हसलं की मला वाईट वाटतं. अंदाजावर विसंबून पेरलं आणि पावसानं ताण दिला तर बियाणं, खत, सगळं मातीत, दुबार पेरणी. तो राग खराच आहे. पण रोज रात्री चार आकडे लिहायला लागल्यापासून अंदाज सांगणाऱ्याची बाजू पण मला दिसायली, त्याच्या हातात साठ टक्के असतात आणि पेपरात छापून येताना त्याचं 'पाऊस येणार' होतं. चाळीस वाटेतच गळून जातात. ते चाळीस शेतकऱ्यापर्यंत पोचले पाहिजेत, त्याला ते समजतात, त्याचं सगळं आयुष्य शक्यतेवरच चाललंय.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ऐंशीच्या पुढं, त्यांचा अंदाज वेगळा. नक्षत्राचं वाहन पंचांगात बघायचं, बेडूक, म्हैस, हत्ती असलं की पाऊस, कोल्हा, मेंढा असलं की ओढ. मी त्यांना म्हणलं अण्णा, तुम्ही पण लिहा, पण दिवसाचं लिहावं लागंल. ते म्हणाले, "मी नक्षत्राचं सांगतो, तेरा-चौदा दिवसांचं, तुम्ही एका दिवसाचं सांगता, दोन्हीचा मेळ कसा लागंल?" मग त्यांच्यासाठी वहीच्या मागच्या पानावर वेगळं खातं उघडलं, नक्षत्र लागायच्या आधी एकूण पाऊस लिहायचा आणि संपलं की मोजायचा. पडतील स्वाती तर पिकतील मोती हे ते अजून म्हणतात, पण आता मिलिमीटर पण लिहितात. मघात त्यांचा आकडा माझ्यापेक्षा जवळ आला होता, उत्तरात लांब गेला. त्यांनी दोन्ही स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. आधी लिहिलेलं असलं की मग "मी म्हणलोच होतो" असं म्हणायची सोय राहत नाही, अण्णांना पण नाही, मला पण नाही.

या मापाचा अजून एक उपयोग झाला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं, पण आपल्या रानात किती झाला हे कुणाला माहीत असतं? आता जूनमधे बियाणं घ्यायला आलेला माणूस काउंटरवर आधी वही उघडतो आणि बेरीज बघतो. तीन-चार गावांतल्या पोरांनी आपापल्या गच्चीवर माप बसवलंय, जिल्ह्याच्या बाजारात साधं प्लास्टिकचं मिळतं, फक्त झाडाखाली किंवा भिंतीला खेटून ठेवू नका, जवळचं झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट तरी लांब ठेवा.

या आर्द्रापासून ती गावं पण वहीत घ्यायची ठरलंय, म्हणजे भाचीच्या स्पर्धेसारखं दर दोन आठवड्यांनी गाव बदलायचं. काकांचा विरोध आहे, त्यांना आपल्या गच्चीची सवय झालीये. वाऱ्याचं यंत्र घ्यायची वर्गणी पण सुरू आहे, निम्मे पैसे जमलेत. आज रात्रीसाठी मी तेहतीस, तेवीस, सहा मिलिमीटर आणि पंचावन्न टक्के लिहिणार आहे, पश्चिमेला आत्ता काळं दिसायलंय पण वारा पडलाय, बघू, नऊला अजून दोन तास आहेत.